चार आणि नऊ

"एवढं टाकून देऊ ना, मॅडम?" कोठीकाकांनी विचारलं आणि मी हो म्हणून मोकळी झाले. आमच्या संस्थेच्या तळघरात दगडांची कोठी आहे आणि तिच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला असतात त्यांना प्रमुखांपासून सगळे कोठीकाकाच म्हणतात. खरं नाव त्यांच्या ओळखपत्रावर असेल तेवढंच. पुढच्या आठवड्यात तळघराला रंग द्यायचा होता. ज्याचे दगड त्याने निकालात काढावेत असा कागद दारावर लागला होता, आणि माझा खोका सहा वर्षं तिथे नुसता बसून होता. "एकदा उघडून बघा तरी," काका म्हणाले, "नाहीतर मागाहून माझ्या नावाने खडे फोडाल." त्यांचं मन राखायला म्हणून मी वरची पिशवी उचलली. जाड कापडाची, वीतभर, तोंडाला सुतळी. गाठ एक टोक ओढलं की सुटणारी, औषधाच्या पुड्यांना मारतात तसली. पिशवीवर निळ्या शाईत बाबांच्या अक्षरात चार. आत मोजणीला घेऊन उरलेला तळहाताएवढा करडा दगड, आणि त्यातून गेलेली एक पांढरी शीर, मध्येच दोन फाटे फुटलेली. मी तो पाहिला, परत पिशवीत घातला, काकांना म्हटलं, "द्या टाकून," आणि जिना चढायला लागले. अर्ध्या जिन्यात पाय थांबले. ही शीर मी पाहिली होती. एका मोठ्या धोंड्यावर पाहिली होती, आणि त्या धोंड्याचा नंबर चार होता. पण माझ्या छापलेल्या लेखात असं लिहिलं होतं की या पिशवीतला दगड चारचा नाहीच, तो नऊचा आहे. मी खाली धावले. काका खोका ढकलत दारापर्यंत पोचले होते. "राहू द्या," मी म्हणाले. ते म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?"

तू नक्की काय करतेस, असं नातेवाईक विचारतात तेव्हा मी वेगवेगळी उत्तरं देते. पीएच.डी. नंतरचं संशोधन म्हटलं की लोकांना वाटतं आणखी शिकतेय. ते शिकणंही नाही आणि नोकरीही नाही. लग्न ठरलंय पण तारीख निघत नाही, तसली अवस्था. दोन-दोन वर्षांचे करार, माझा आता चौथा. कामाबद्दल विचारलं तर सांगते की जमिनीला हा आकार कसा आला ते मी बघते. आमच्याकडे आकार देणारे दोघे आहेत. एक हिमनदी. ती डोंगरावरून इंचाइंचाने खाली येते, वाटेत कड्यांचे तुकडे पाडून पाठीवर घेते, आणि जिथे वितळते तिथे ते सगळं टाकून देते. त्या टाकलेल्या धोंड्यांचा बांध होतो, त्याला हिमोढ म्हणतात. दुसरा प्रस्तरभंग, म्हणजे जमिनीतली जुनी चीर. ती शेकडो वर्षं गप्प असते आणि मग एका मिनिटात एक बाजू चार हात सरकते. आमच्या दरीत ही चीर दोन बांधांना आडवी कापून गेली आहे. आतला बांध तरुण, बाहेरचा म्हातारा. दोन्ही बांध मधून तुटलेत आणि त्यांचे तुकडे आता समोरासमोर येत नाहीत. किती सरकलेत ते टेपने मोजता येतं. बांध किती जुने ते कळलं की चीर वर्षाला किती सरकते ते कळतं, आणि ते कळलं की खालच्या गावांना किती वर्षांनी हादरा बसेल याचा थोडाफार अंदाज येतो. वय मात्र दगडांनाच विचारावं लागतं. दगड उघड्यावर आला की आकाशातून येणारे किरण त्याच्या वरच्या थरात एका दुर्मीळ जातीचे अणू तयार करत राहतात. तो थर फोडायचा, कुटायचा, त्यातली गारगोटी वेगळी करायची, तेजाबात आठवडेच्या आठवडे धुवायची, आणि उरलेल्या चिमूटभर पांढऱ्या भुकटीत ते अणू मोजून घ्यायचे. मी हे बाबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते खूश झाले होते. म्हणाले, "म्हणजे दगडावर बनवल्याची तारीख असते. मुदत संपल्याची नसते, एवढंच."

बाबा छत्तीस वर्षं रुग्णालयाच्या औषधखिडकीवर होते. मी लहान असताना शाळा सुटली की त्या खिडकीच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसून असायचे. तिथे कडू गोड असा एक मिसळलेला वास होता, तो अजून कधी कधी प्रयोगशाळेत येतो आणि मी उगाच वळून बघते. बाबा चिठ्ठी तीनदा वाचायचे. एकदा बाटली उचलताना, एकदा तिच्यावर चिकटवलेला कागद लिहून झाल्यावर, आणि एकदा देताना बोट ठेवून, मोठ्याने. बाहेरची रांग कावायची. कुणीतरी ओरडायचं, "मास्तर, परीक्षा घेताय का आमची?" बाबा मान वर न करता म्हणायचे, "माझी घेतोय." छत्तीस वर्षांत त्या खिडकीतून एकही चुकीची बाटली गेली नाही. ते हे स्वतः कधी सांगत नसत. आई सांगायची, पाहुणे आले की हमखास, आणि बाबा उठून आत जायचे.

ते निवृत्त झाले त्याच उन्हाळ्यात माझ्याबरोबर दरीत येणारा सहकारी पाय मुरगळून घरी बसला. एकटीने वर जायला परवानगी नव्हती. बाबा म्हणाले, "मी येतो की. पिशव्यांवर नंबर घालायचे ना? आयुष्यभर दुसरं काय केलं?" आई म्हणाली, "ह्यांना थंडी सोसत नाही." बाबांनी त्याच दिवशी लोकरीची टोपी आणली. पाच दिवस आम्ही वर होतो. मी छिन्नी-हातोडीने धोंड्याच्या माथ्याचा चार बोटं जाडीचा तुकडा काढायचे, भोवतालच्या डोंगरांचे कोन मोजायचे. बाबा पिशवीवर नंबर घालायचे, तुकडा आत टाकायचे, गाठ मारायचे. आणि तीनदा वाचायचे. वाऱ्यात त्यांचा आवाज फाटायचा. "चार. आतला बांध, कडेचा मोठा. चार." मी म्हणायचे, "बाबा, आटपा हो, इथे रांग नाहीये." ते म्हणायचे, "तू आहेस की रांगेत." फोटोत धोंड्याचा आकार कळावा म्हणून शेजारी काहीतरी ठेवावं लागतं. लोक हातोडी ठेवतात. मी बाबांना उभं करायचे, आणि वहीत लिहायचे, प्रमाण : वडील, उंची एक मीटर चौसष्ट. याचं त्यांना फार हसू यायचं. संध्याकाळी तंबूत पिशव्या ओळीने मांडून ते एकदा हजेरी घ्यायचे आणि मग म्हणायचे, "सगळे आले, ठमे. झोप आता." इतका उल्हसित माणूस मी घरी कधी पाहिला नव्हता. मी त्यांच्यावर खेकसायचे, ते आता आठवतं. कशावरही खेकसायचे. माझा करार संपत आला होता आणि मला प्रत्येक दगड महत्त्वाचा होता.

मोजणीचे आकडे वर्षाने आले. बारा नमुने, आतल्या बांधाचे एक ते सहा, बाहेरच्या बांधाचे सात ते बारा. आतले बारा हजार वर्षांच्या आसपास, बाहेरचे एकवीस हजारांच्या. फक्त चार हा आतला असून एकवीस हजारांचा निघाला, आणि नऊ हा बाहेरचा असून बारा हजारांचा. मी तो आलेख बघत बसले. दोन ठिपके नको तिथे होते, आणि एकमेकांच्या जागी ठेवले की चपखल बसत होते. असं दिसलं की आमच्यातल्या कुणाच्याही मनात एकच गोष्ट येईल. ती मनात आल्याबरोबर मला किती हलकं वाटलं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी घरी फोन लावला.

"बाबा, चार आणि नऊच्या पिशव्या तुमच्याकडून इकडच्या तिकडे झाल्या का?"

ते म्हणाले, "माझ्याकडून? नाही गं. मी वाचून लिहितो."

"हो, पण थंडी किती होती. बोटं वळत नव्हती तुमची."

"थंडी होती," ते म्हणाले. "पण वाचलं होतं मी."

"चालतं हो बाबा. होतं असं. मी नीट करून घेतलंय."

हे मी मोठ्या मनाने म्हणाले. माझा तो आवाज मला अजून ऐकू येतो, लाडाने बोलणारा, समजून घेणारा, शहाणा. त्याऐवजी दगड मारला असता तर निदान त्यांनी चुकवला तरी असता. आणि लेखात मी ओळ घातली : नमुना चार व नऊ यांच्यावरील क्रमांकांची क्षेत्रकार्यात नोंद करताना अदलाबदल झाल्याचे दिसते, येथे ती दुरुस्त केली आहे. शेवटी आभारात, क्षेत्रकार्यातल्या मदतीसाठी म्हणून, बाबांचं नाव होतं. वाचणाऱ्याला दोन आणि दोन चार करायला वेळ लागत नाही. मी लेखाची छापील प्रत त्यांना पाठवली, वर लिहिलं, माझ्या मदतनिसाला. आईने फोनवर सांगितलं की ते इंग्रजी शब्दकोश घेऊन बसलेत, दोन दिवस झाले. मला कौतुक वाटलं. मी ते प्रयोगशाळेत चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलंसुद्धा, आणि सगळे हसले, प्रेमानेच.

त्यानंतर काय झालं ते मला माहीत होतं, फक्त ते त्यानंतर झालं हे माहीत नव्हतं. निवृत्तीनंतरही बाबा आईच्या आणि आजूबाजूच्या चार-पाच म्हाताऱ्यांच्या आठवड्याच्या गोळ्या डब्यांत लावून द्यायचे. रविवारी सकाळी जेवणाचं टेबल पुसून, डबे मांडून. कधीतरी आई बोलता बोलता म्हणाली, "हल्ली गोळ्या माझ्या मीच काढते. हे म्हणतात, माझा भरवसा धरू नका. शेजारच्या काकूंनाही नाही म्हणाले." मी म्हटलं, "वय झालं, आई. चांगलंच आहे, स्वतःला ओळखतायत." आणखी एकदा ती म्हणाली की बाहेर पडताना कुलूप लावलं की नाही ते बघायला हे तिसऱ्या मजल्यावर परत चढतात, कधी दोनदा. तेव्हाही मी वयच म्हटलं. माझ्या कामाबद्दल त्यांनी विचारणं बंद केलं होतं. पूर्वी फोनवर पहिला प्रश्न असायचा, "तुझे दगड काय म्हणतात?" तो कधी बंद झाला याची तारीख मला काढता येत नाही. हजारो वर्षांपूर्वी हिमनदी मागे कधी सरली ते मी काढते, शे-दोनशे वर्षं इकडेतिकडे.

तो दगड घेऊन मी वर माझ्या टेबलाशी आले आणि फोटो उघडले. चार नंबरचा धोंडा, टोपी घातलेले बाबा, एक हात धोंड्यावर. हाताच्या खालून निघालेली पांढरी शीर, वर माझ्या छिन्नीच्या खाचेपाशी दोन फाटे फुटलेली. मी दगड पडद्यासमोर धरला. मोठा करून बघायची गरजच नव्हती. मग मी त्या वर्षीची वही शोधली. चार पहिल्या दिवशी दुपारी घेतला होता, नऊ तिसऱ्या दिवशी सकाळी. चारची पिशवी गाठ मारून तंबूत पडली होती तेव्हा नऊची अजून कोरी होती. अदलाबदल व्हायला दोन्ही एका वेळी हातात तरी असाव्या लागतात. हे सगळं सहा वर्षं माझ्याच कपाटात होतं. फोटो पाच पावलांवर, वही हाताशी. मला कुणी घाई केली नव्हती. मी उघडून पाहिलं नाही, कारण उत्तर हवं तसं मिळालं होतं, आणि कारण ते वडील होते. सहकाऱ्याच्या नावावर ही चूक टाकताना मी दहा वेळा वही तपासली असती. तो भांडला असता.

चार आणि नऊचं खरं कोडं तसं साधं आहे, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सुटेल. चार हा हिमनदीत पडण्याआधीच कड्यावर नऊ हजार वर्षं उघडा बसून होता, ते वय तो बरोबर घेऊन आला. नऊ बांधाच्या पोटात गाडलेला होता, वरची माती घसरल्यावर उशिरा उघडा पडला. असे दगड निघतातच. ते बाजूला ठेवायचे आणि तसं लिहायचं, एवढाच रिवाज. दोन्ही एकाच कामात निघावेत आणि एकमेकांच्या जागी बसावेत हा निव्वळ योगायोग, आणि मी त्याला भुलले. दुसऱ्या दिवशी प्रमुखांकडे गेले. हातात दगड, फोटो, वही. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं. ते वाईट गृहस्थ नाहीत.

"आकडा किती हलतो?" त्यांनी विचारलं.

"हलत नाही," मी म्हणाले. मी सकाळीच करून पाहिलं होतं. "दोन्ही वगळले तरी चीर वर्षाला तेवढीच सरकते. दोन मिलिमीटरला जरा कमी."

"मग प्रश्न काय आहे? दोन ओळींचं शुद्धिपत्र पाठवून द्या." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "तेव्हाच वगळले असते तरी चाललं असतं की तुम्हाला."

चाललं असतं. पण बारापैकी दहा म्हणण्यापेक्षा बारापैकी बारा देखणं दिसत होतं. आलेखावर सगळे ठिपके आपापल्या बांधावर, एकही बाहेर नाही. सभागृहात तो दाखवला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी "वा" म्हटलं होतं. मला वाटत होतं आकडा हलावा. सगळं काम कोसळावं, करार जावा, काहीतरी मोठं बिघडावं, म्हणजे बाबांचं जे गेलं ते निदान कशाच्या तरी बदल्यात गेलं असं म्हणता आलं असतं. शुद्धिपत्र मी अर्ध्या तासात लिहिलं. त्यात "क्षेत्रकार्यातील क्रमांक बिनचूक होते" हे वाक्य घातलं, ते चार वेळा वाचलं, आणि पाठवून दिलं.

शनिवारी घरी गेले. बसमध्ये पूर्ण वेळ दगड पिशवीसकट मांडीवर होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काही खायचं आहे का त्यात?" मी म्हटलं, "नाही, दगड आहे." त्यांनी थोडं सरकून घेतलं. मी मनात वाक्यं जुळवत होते. मला वाटत होतं, बाबा आधी रागावतील. रागावले तर फार बरं होईल. मग आई बोलेल, मग कदाचित रविवारी सकाळी टेबल पुसलं जाईल. इतकंच मला हवं होतं. बाबांनी आपला हात परत आपला म्हणावा.

ते खिडकीशी बसले होते, शर्टाची वरची गुंडी लावून, कुणाकडे पाहुणे म्हणून आल्यासारखे. बारीक झाले होते. मी चहासुद्धा थांबवला आणि सगळं टेबलावर मांडलं. फोटो, दगड, वही, शुद्धिपत्र. सांगताना माझा आवाज कापत होता तो मी कापू दिला. त्यांनी चष्मा पुसला. आधी फोटोतल्या स्वतःला पाहिलं. "टोपी तिरकी होती माझी," म्हणाले. मग दगड हातात घेतला आणि शिरेवरून अंगठा फिरवला.

"पिशवी बरोबर होती, बाबा. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मी न बघता लिहिलं. चूक माझी होती."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली. "ह्यांच्या हातून असं व्हायचंच नाही." तिचे डोळे भरले होते.

बाबांनी दगड हळूच खाली ठेवला. "एवढ्यासाठी आलीस होय, ठमे?" ते म्हणाले. "मनाला लावून घेऊ नकोस. तू तेव्हाही असंच सांभाळून घेतलं होतंस, थंडी होती म्हणून. पण झाली होती गं चूक."

"नव्हती झाली. हे बघा ना, शीर बघा."

"शिरा काय, सगळ्या सारख्याच दिसतात. मला आठवतंय ना." आणि ते सांगायला लागले, अगदी धिम्या, खात्रीच्या आवाजात, जसे ते पूर्वी खिडकीतून औषध कसं घ्यायचं ते सांगायचे. वारा कसा होता. शाई गोठली म्हणून पेन काखेत धरून ऊब दिली ते. दोन्ही पिशव्या मांडीवर होत्या, एक उजव्या गुडघ्यावर, एक डाव्या. तेवढ्यात मी त्यांना आटपा म्हणून ओरडले, त्यांनी वळून पाहिलं, आणि परत बघितलं तेव्हा कुठली कुठली ते कळेना. "मी अंदाजाने लिहिलं," ते म्हणाले. "त्या एका वेळी तीनदा वाचलं नाही. लाज वाटली म्हणून तुला सांगितलं नाही."

"बाबा, चार पहिल्या दिवशी घेतला होता. नऊ तिसऱ्या दिवशी. दोन्ही पिशव्या एकदम तुमच्या मांडीवर कधी नव्हत्याच. वहीत तारखा आहेत."

त्यांनी वहीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, आजारी माणसाकडे बघतात तसं.

"मग तेव्हा फोनवर नाही असं का म्हणालात?" मी विचारलं. "वाचलं होतं म्हणालात."

"तेव्हा आठवत नव्हतं," ते म्हणाले. "मग तुझा लेख आला. चार-पाचदा वाचला, शब्द न् शब्द. मग हळूहळू सगळं आठवलं."

आई दारातून आत निघून गेली. मी वही उघडून तारखेवर बोट ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

"बरं झालं तू वेळेवर पकडलंस," बाबा म्हणाले. "नाहीतर माझ्यापायी तुझी सगळी मेहनत वाया गेली असती." आणि ते माझ्या पाठीवरून हात फिरवू लागले, आणि मी तो फिरवू दिला.